पहिल्या उन्हाळ्यावर सगळी पैज लावू नका : थीम पार्क उभारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात मनोरंजन उद्याने उभारणारे आणि उभारू पाहणारे प्रवर्तक,
त्यांना कर्ज देणाऱ्या बँका,
आणि राज्याचा पर्यटन विभाग

स. न. वि. वि.

नव्या थीम पार्कची बातमी आली की मला मनापासून आनंद होतो. रोलर कोस्टर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि आपल्या राज्यात चांगले कोस्टर बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पण बातमी वाचत गेलो की आनंद ओसरतो. आधी गुंतवणुकीचा आकडा येतो, मग रोजगाराचा, आणि मग वर्षाला इतके लाख पर्यटक येणार हा आकडा. हा शेवटचा आकडा कुठून आला, तो चुकला तर काय करायचं, याबद्दल चकार शब्द नसतो. अशाच एका आकड्यावर उभं राहिलेलं एक पार्क मी चालू असताना पाहिलं आहे. ते अमेरिकेत होतं, संगीतावर बेतलेलं होतं आणि पहिला हंगाम पुरा होण्याआधीच बुडालं. त्याची हकीकत तुमच्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र.

साउथ कॅरोलायना राज्यात मर्टल बीच नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. उन्हाळ्यात आसपासच्या राज्यांतली माणसं गाड्या काढून तिथे येतात, आठवडाभर राहतात आणि समुद्रात डुंबतात. १९४८ पासून किनाऱ्याजवळच पॅव्हिलियन नावाचं जुनं मनोरंजन उद्यान होतं. पाळणे, मेरी-गो-राउंड आणि २००० साली उभारलेला हरिकेन नावाचा मोठा लाकडी कोस्टर तिथे होता. २००६ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं आणि कोस्टर पाडला गेला. त्याच वर्षी किनाऱ्यापासून आत, कालव्यापलीकडे हार्ड रॉक पार्कचं काम सुरू झालं. रॉक संगीतावर बेतलेल्या हार्ड रॉक कॅफे या उपाहारगृहांच्या साखळीचं नाव परवान्यावर घेतलेलं होतं. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर, आणि वर्षाला ३० लाख माणसं येतील ही जाहीर अपेक्षा.

१५ एप्रिल २००८ ला दारं उघडली. २ जूनला थाटात उद्घाटन झालं, त्या रात्री ईगल्स आणि मूडी ब्लूज या दोन्ही बँडचे कार्यक्रम झाले. २४ सप्टेंबरला पार्कने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि हंगाम संपल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. उद्घाटनापासून पुरते चार महिनेही झाले नव्हते.

पार्क वाईट होतं म्हणून बुडालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी त्या उन्हाळ्यात त्याच राज्यात शिकायला होतो, तिथे जाऊन आलो आहे. इतकं जीव ओतून केलेलं पार्क मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संगीताच्या काळानुसार आणि प्रकारांनुसार विभाग पाडलेले होते. ब्रिटिश बँडचा एक, सत्तरच्या दशकाचा एक, कंट्री संगीताचा एक. मध्ये तळं, आणि रात्री त्या तळ्यावर क्वीन बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यावर आतषबाजी. ‘मॅक्झिमम आरपीएम’ नावाच्या कोस्टरवर गाड्या साखळीने वर ओढत नव्हते, तर जायंट व्हीलसारख्या चाकात बसवून वर नेत होते आणि माथ्यावर रुळांवर सोडत होते. तसं मी आजवर दुसरीकडे पाहिलेलं नाही. मूडी ब्लूजच्या ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’वर एक अंधारी राइड होती. डोळ्यांवर विशेष चश्मा, भोवती फिरणारा बोगदा आणि कानात तेच गाणं. पन्नाशीतली माणसं तिथून डोळे पुसत बाहेर पडत होती. एका गाण्यात शांत बसवून माणसाला गदगदून सोडणारी राइड कुणी बांधली, ही गोष्ट थीम पार्कच्या धंद्यात फार मोठी आहे.

आणि लेड झेपेलिन. त्या नावाच्या ब्रिटिश रॉक बँडवर बेतलेला, त्या पार्कमधला हा सगळ्यात मोठा कोस्टर. उंची १५५ फूट, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर, सहा वेळा माणूस उलटा होतो. बांधणारी कंपनी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबियार; कोस्टरच्या जगात तिला सगळे बी अँड एम म्हणतात. रांगेतून तुम्ही एका एअरशिपच्या, म्हणजे भल्यामोठ्या फुग्यासारख्या हवाई जहाजाच्या, पोटात शिरत होता. आसनात बसलात, खांद्यावरचा पट्टा खाली आला, कामगाराने तो हाताने ओढून आणि दाबून पाहिला, आणि गाडी चढणीच्या पायथ्याशी आली की त्या बँडचं ‘होल लोटा लव्ह’ हे गाणं सुरू व्हायचं. चढणीवर साखळीचा खडखडाट गाण्याच्या तालात मिसळायचा. माथ्यावर क्षणभर तळं, कालवा आणि पलीकडची झाडी दिसायची, आणि गाणं उसळतं तिथेच गाडी सुटायची. पुढचं लूप आणि पिळे बी अँड एमच्या खास सफाईने येत होते, मानेला हिसका न बसता. मी उतरलो तेव्हा शेजारच्या आसनावरचा साठीचा गृहस्थ, मला पूर्ण अनोळखी, माझा हात धरून हसत होता. त्याने हे गाणं तरुणपणी ऐकलं असणार. मी त्याआधी कधी नीट ऐकलंही नव्हतं. तरी दोघांना एकच गोष्ट मिळाली होती.

मग हे पार्क बुडालं कशाने?

त्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. मर्टल बीचला महामार्गांच्या आंतरराज्य जाळ्याचा थेट रस्ता नाही, लोक तासन्‌तास गाडी चालवून येतात. पेट्रोल महागलं की आधी अशा सहलींवर कात्री चालते. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि पुढच्या दहा दिवसांत या पार्कचाही अर्ज गेला. त्यामुळे मंदीने मारलं असं सगळे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच मंदीतून मर्टल बीचची हॉटेलं तरली, दुसरी उद्यानं तरली, ती उभी आहेत. मंदी सगळ्यांवरच आली होती. हार्ड रॉक पार्कजवळ ती एक वर्ष सोसायची ताकद नव्हती, हा फरक.

हिशेब समजण्यापुरता एक कच्चा आकडा मांडतो. चाळीस कोटी डॉलरमधले निम्मे कर्जाऊ धरले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर वर्षाचं व्याज झालं दोन कोटी. तिकीट पन्नास डॉलरचं होतं. म्हणजे वर्षातली पहिली चार लाख माणसं फक्त व्याज भरण्यासाठी आत यायला हवीत. पगार, वीज, राइडची देखभाल, विमा, नावांचा परवाना, जाहिरात यांचा एक पैसाही त्यातून सुटत नाही. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या शंभरेक दिवसांत जमवायचं, कारण थंडीत मर्टल बीच ओस पडतं पण व्याज थांबत नाही. कर्ज याहून जास्त असलं तर परिस्थिती आणखी बिकट. तीस लाखांच्या अंदाजात हे सगळं छान बसतं. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी माणसं आली, तर दर दिवशी दारातून पैसा येण्याऐवजी जाऊ लागतो.

समुद्र फुकट होता, हेही विसरू नका. चौघांचं कुटुंब सुट्टीला आलं की एक दिवस पार्कमध्ये घालवण्यासाठी दोनशे डॉलरची तिकिटं, वर पार्किंग आणि जेवण. किनाऱ्यावर तोच दिवस आइस्क्रीमच्या पैशांत जातो. आत येण्याचं कारण तेवढं जबरदस्त हवं, आणि ते कारण लोकांना आधीच, त्यांच्या गावी, माहीत हवं. नव्या पार्कची ओळख लोकांच्या तोंडी बसायला वर्षं लागतात. आईबापांनी पोरपणी पाहिलेलं असतं म्हणून ते आपल्या पोरांना घेऊन जातात. ही गर्दी पैशाने विकत घेता येत नाही. तिला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ द्यायला हातात पैसा शिल्लक हवा. हार्ड रॉक पार्कने सगळा पैसा लोखंडात आणि नावांत घातला होता.

नावांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमच्यातले कितीतरी जण हाच रस्ता धरू पाहतात. मोठं नाव भाड्याने घ्यायचं : एखाद्या सिनेमाचं, एखाद्या गायकाचं, एखाद्या कार्टूनचं. त्यात वावगं काही नाही. फ्लोरिडात डिस्नेने १९९९ साली एरोस्मिथ बँडच्या नावाने रोलर कोस्टर उघडला आणि तो वर्षानुवर्षं भरून चालला. पण २०२४ मध्ये डिस्नेने तिथलं एरोस्मिथ काढून मपेट्स ही बाहुल्यांची मंडळी आणायचं जाहीर केलं. डिस्नेला ते परवडतं. उसनं नाव बदलून नवं बसवायला त्यांच्याकडे पैसा आहे, कारागीर आहेत, बाकीचं पार्क आहे. मर्टल बीचला हे कसं झालं ते पाहा.

२००९ च्या जानेवारीत अवसायनाची, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याची, पाळी आली आणि फेब्रुवारीत नव्या मालकांनी ते पार्क अडीच कोटी डॉलरला घेतलं. चाळीस कोटींचं अडीच कोटींना. त्यांच्याकडे हार्ड रॉकचं नाव नव्हतं, बँडची नावं नव्हती, गाणी नव्हती. २३ मे २००९ ला तेच पार्क ‘फ्रीस्टाइल म्युझिक पार्क’ या नावाने उघडलं. लेड झेपेलिनचं झालं ‘टाइम मशीन’. ईगल्सच्या कोस्टरचं ‘आयर्न हॉर्स’. चाकाने वर नेणाऱ्या कोस्टरचं ‘राउंड अबाउट’. मूडी ब्लूजच्या अंधाऱ्या राइडमधून ते गाणं गेलं आणि तिथे रॉक संगीत वाजवणारे राक्षस आले. रूळ तेच, बोगदा तोच, गाड्या त्याच, पण ज्या गाण्यासाठी तो बोगदा कुणीतरी रात्री जागून आखला होता ते गाणंच नाही. वर पहिल्या पार्कच्या रचनाकारांशी संबंधित कंपनीने आमच्या कल्पना वापरल्या म्हणून दावा लावला. तो हंगाम संपला आणि पार्क पुन्हा उघडलंच नाही.

नाव आणि गाणं भाड्याचं असेल तर ते तुमच्या पार्कचं भांडवल होत नाही, देणं होतं. बँकेच्या अधिकाऱ्यांनी हे ताळेबंद पाहताना लक्षात घ्यावं. गहाण ठेवलेला कोस्टर विकता येतो. त्याच्यातून गाणं गेलं की त्याची किंमत किती उरते, हे मर्टल बीचने दाखवलं.

याउलट दोन उदाहरणं देतो, दोन्ही अमेरिकेतली आणि दोन्ही संगीताशी बांधलेली. टेनेसी राज्यात नॅशव्हिलला १९७२ मध्ये ओप्रीलँड उघडलं. तिथे कोस्टर होते, पण पार्कचा जीव रंगमंचांवरच्या गायक-वादकांत होता. दिवसभर तरुण कलाकार प्रत्यक्ष गात, नाचत, वाजवत. १९७४ मध्ये ग्रँड ओल्ड ओप्री हा तिथला प्रसिद्ध गाण्याचा कार्यक्रमही शहरातल्या जुन्या सभागृहातून याच आवारात आला. पंचवीस वर्षं ते पार्क चाललं. १९९७ अखेर मालकांनी ते बंद केलं, पुढे तिथे मॉल झाला आणि २००० साली उघडला. नॅशव्हिलची माणसं आजही त्या निर्णयाबद्दल हळहळतात. मलाही तो निर्णय पटलेला नाही, पण ते पार्क भुकेने मेलं नव्हतं.

दुसरं डॉलीवूड, त्याच राज्यात पिजन फोर्ज गावी. गायिका डॉली पार्टन १९८६ मध्ये तिथे भागीदार झाल्या. पण त्या जागी आधीपासूनच, १९६१ पासून, वेगवेगळ्या नावांनी छोटं पार्क चालू होतं. वाफेची आगगाडी होती, कारागिरांची दुकानं होती, नेहमीचे पाहुणे होते. पार्टन यांनी कोऱ्या माळावर चाळीस कोटी ओतले नाहीत. चालत्या पार्कला आपलं नाव आणि आपलं गाणं दिलं, आणि मग दर काही वर्षांनी एकेक मोठा कोस्टर घातला : २००४ मध्ये लाकडी ‘थंडरहेड’, २०१२ मध्ये ‘वाइल्ड ईगल’, तोही बी अँड एमचाच, २०१६ मध्ये ‘लाइटनिंग रॉड’, २०२३ मध्ये ‘बिग बेअर माउंटन’. आणि ज्या गायिकेचं नाव दारावर आहे ती स्वतः मालकीत आहे. ते नाव कुणी परवाना रद्द करून उतरवून नेऊ शकत नाही.

आता घरचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ च्या एप्रिलात इमॅजिका उघडलं. तिथला ‘निट्रो’ हाही बी अँड एमचाच आणि वेगही लेड झेपेलिनइतकाच, ताशी १०५ किलोमीटर. फरक असा की निट्रोला तळ नाही. तुम्ही बसलात की पायांखालची जमीन बाजूला सरकते आणि पाय मोकळे लोंबकळत राहतात. पहिल्या उतारावर चपला पायात नसतात म्हणून बरं, असं प्रत्येकाला वाटतं. आपल्या राज्यात जागतिक दर्जाचा कोस्टर आहे याचा मला फार अभिमान आहे. पण त्या पार्कमागची आर्थिक गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कोऱ्या माळावर एका दमात सगळं बांधलं, पाठोपाठ वॉटर पार्क आणि हॉटेल, २०१५ मध्ये शेअर बाजारात नोंदणी. अपेक्षेएवढी गर्दी झाली नाही, कर्जाचे हप्ते थकले, त्यात कोविडची टाळेबंदी. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताबा घेतला आणि बँकांना येणं कमी करून तडजोड करावी लागली. पार्क वाचलं, कारण ते घेणाऱ्यांना शिर्डी आणि लोणावळ्यात पार्क चालवायचा अनुभव होता. मर्टल बीचला असा कुणी भेटला नाही. महाराष्ट्राचं नशीब थोडं बरं निघालं, पण दर वेळी ते साथ देईल यावर धोरण आखता येत नाही.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड मात्र २०२२ मध्ये बंद झालं, १९८९ पासून चाललेलं. मुंबईतल्या दोन पिढ्यांची शाळेची सहल तिथे झाली. त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

दक्षिणेतल्या वंडरला या मनोरंजन उद्यानांच्या कंपनीकडे एकदा नीट पाहा. २००० मध्ये कोचीला सुरुवात, २००५ मध्ये बंगळुरू, मग ११ वर्षांनी हैदराबाद. कितीतरी राइड ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात. त्यांच्या पार्कमध्ये निट्रोइतका मोठा कोस्टर नसेल, पण एका शहरात बेत फसला तरी दुसऱ्या शहरातलं पार्क त्यापायी बंद पडत नाही.

हे सगळं सांगून तुम्हाला मोठा कोस्टर बांधू नका म्हणायचं नाही. मोठा कोस्टर बांधाच. पण पहिल्या टप्प्यात सहा बांधू नका. एक चांगला बांधा, त्याभोवती सावली द्या, बसायला जागा द्या, परवडेल असं जेवण द्या, आणि उरलेला पैसा दुसऱ्या नि तिसऱ्या वर्षासाठी बाजूला ठेवा. आपल्याकडे हंगाम मर्टल बीचहून चमत्कारिक आहे. एप्रिल-मेची शाळांची सुट्टी, मग जूनपासून सह्याद्रीच्या पायथ्याशी धो धो पाऊस. वीज कडाडली की कोस्टर थांबवावाच लागतो, आणि थांबलेल्या कोस्टरच्या दारात उभा राहिलेला पाहुणा पुढच्या वर्षी येत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पार्क तोट्यात चालेल हे गृहीत धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा. हप्ता वर्षभर सारखा न ठेवता उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जास्त, पावसात कमी, असा ठरवायला बँकांना काय अडचण आहे? शेतीला तुम्ही हंगाम पाहून कर्ज देता. पार्कलाही हंगामच आहे.

बँकेने प्रकल्प अहवाल वाचताना पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारावा. अंदाजाच्या फक्त एक तृतीयांश माणसं आली, तर दोन वर्षं हे पार्क पगार आणि देखभाल भागवू शकेल का? याचं उत्तर ‘हो’ नसेल तर कर्जाचा आकडा कमी करा किंवा पार्क लहान करा. देखभालीवर मी मुद्दाम बोट ठेवतो आहे. तोट्यातल्या पार्कमध्ये कात्री आधी जाहिरातीवर आणि मग देखभालीवर चालते. कोस्टरच्या प्रत्येक गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन दिशांची चाकं असतात. त्यांचं अस्तर झिजतं, ते बदलावं लागतं. रोज सकाळी गाड्या रिकाम्या फिरवून पाहाव्या लागतात, पट्ट्यांची कुलुपं तपासावी लागतात. यात एक रुपयाही वाचवता येत नाही. कर्जाच्या हप्त्याशी देखभालीचा पैसा भांडायला लागला, तर ते पार्क चालू ठेवणं हाच धोका.

आणि संगीताचं पार्क करायचा कुणाचा विचार असेल तर, कृपा करून, दहा हिंदी गाण्यांचे हक्क विकत घेऊन दहा राइडवर लावू नका. लातूर-सोलापूरकडचे हलगीवाले, कोल्हापूरचे शाहीर, कोकणातले नमनवाले, पुण्यातली ढोल-ताशा पथकं, संगीत नाटकांतली गाणी आजही गाणारी मंडळी, यांना रोज चार कार्यक्रमांचं काम द्या, महिन्याला पगार द्या, निवृत्तिवेतनाची तरतूद करा. ओप्रीलँड पंचवीस वर्षं कोस्टरांच्या जोडीला अशाच माणसांच्या जिवावर चाललं. मर्टल बीचच्या जुन्या पॅव्हिलियनमधला एक बँड ऑर्गन (नळ्यांतून आपोआप वाजणारं यांत्रिक वाद्य), १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जर्मनीत बनवलेला, मेरी-गो-राउंडबरोबर गावातल्या दुसऱ्या आवारात हलवला गेला आणि वाचला. त्याचं संगीत त्याच्या नळ्यांमध्येच होतं, कुणाच्या परवान्यावर नव्हतं.

लेड झेपेलिनचा कोस्टर पुढे कुठे गेला ते सांगतो. अनेक वर्षं तो मर्टल बीचला गंजत उभा होता. २०१४ च्या सुमारास तो सुटा करून व्हिएतनामला नेला आणि २०१७ मध्ये तिथल्या ‘हा लाँग’ नावाच्या शहरातल्या पार्कमध्ये ड्रॅगनच्या नावाने पुन्हा उभा राहिला. रूळ, खांब, उतार सारे तेच. तिथली मुलं आज त्यावर बसतात याचं मला खरंच बरं वाटतं. पण मर्टल बीचच्या हाती त्यातलं काही राहिलं नाही. ज्या तरुणांनी तिथे पहिल्या उन्हाळ्यात नोकरी धरली होती त्यांना सप्टेंबरातच घरी पाठवलं होतं, आणि आज त्या गावात त्या पार्कचा एकही कोस्टर चालत नाही. स्थानिक रोजगाराच्या नावाखाली सवलती मागणाऱ्या प्रवर्तकांना पर्यटन विभागाने हा प्रश्नही विचारावा : पार्क बुडालं तर इथल्या माणसांचं काय? लोखंड जहाजात चढून निघून जातं, गावच्या माणसांना जागच्या जागी राहावं लागतं.

पर्यटन विभागाकडे माझी मागणी एवढीच आहे. ज्या पार्कला मुद्रांक शुल्क, वीजदर किंवा करपरताव्याची सवलत मिळते, त्याच्या प्रकल्प अहवालातला येणाऱ्यांच्या संख्येचा अंदाज, तो कशावरून काढला याची माहिती आणि कर्जाचा एकूण आकडा विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत जाहीर करावा. दर वर्षी त्या अंदाजापुढे प्रत्यक्ष आलेल्या माणसांचा आकडा लिहावा. अंदाज फसला म्हणून कुणाला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. पण आकडा लोकांपुढे असेल तर पुढचा प्रवर्तक तीस लाख लिहिताना विचार करेल, आणि बँकेचा अधिकारी तो वाचताना विचार करेल. सवलतीच्या अटींमध्ये कर्मचाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचीही अट घालावी. ही रक्कम पार्क उघडण्याआधी खात्यात दिसली पाहिजे. ती दिसत नाही तोवर सवलत देऊ नये.

आपला,
निट्रोच्या रांगेत नेहमी भेटणारा
एक पुणेकर कोस्टरप्रेमी